बायकोच्या नावावरचं दिवाळं

नवनाथ ओव्हाळचं दिवाळं निघालं याचं त्याला वाईट वाटलंच, पण ते स्वतःच्या नावावर निघालं नाही याचं जास्त वाईट वाटलं.

शिरूरच्या बसस्टँडमागं त्याचं 'मोनाली फ्लेक्स' नावाचं दुकान होतं. तालुक्यात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणी गेलेलं असो, त्याचा आठ बाय दहाचा चेहरा नवनाथच्या मशीनमधून बाहेर पडल्याशिवाय त्या गोष्टीला अर्थ येत नसे. मशीन घेताना बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं, की कर्ज बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर व्याज अर्धा टक्का कमी पडतं. अर्धा टक्का सोडायला नवनाथ काही खुळा नव्हता. कर्ज ललिताच्या नावावर, दुकानाचा परवाना ललिताच्या नावावर, जीएसटी ललिताच्या नावावर. खुर्ची मात्र नवनाथची. मग निवडणुका आल्या, उमेदवारांनी उधारीवर ढीगभर फ्लेक्स नेले, आणि निकालानंतर निवडून आलेल्यांना वेळ नव्हता आणि पडलेल्यांना तोंड नव्हतं. हप्ते थकले. बँकेनं मशीन उचलून नेलं, ते विकूनही कर्ज निम्मं शिल्लक राहिलं.

महेंद्र वकिलांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "नादारीचा अर्ज करावा लागेल. कोर्टाला सांगायचं, की आता फेडण्याची ऐपत राहिली नाही. अर्जदार, ललिता नवनाथ ओव्हाळ."

"आन् माझं नाव?" नवनाथनं विचारलं.

"आहे की. मधलं."

नवनाथला हे फार लागलं. माणसानं अठरा वर्षं धंदा करावा, स्वतःच्या हिकमतीवर बुडवावा, आणि शेवटी कोर्टाच्या कागदावर त्याला मधल्या जागेत उभं करावं! त्यानं वकिलांना विचारलंही, की हे दिवाळं आपल्या नावावर करून घेता येईल का, वाटल्यास स्टॅम्प ड्युटी भरू. वकील म्हणाले, तशी सोय नाही.

"वहिनींना नोकरी लागलीय ना?" वकिलांनी विषय बदलला.

"व्हय. रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमधी. पोळ्यांच्या सुपरवायझर हायेत," नवनाथनं कलेक्टरची बायको असल्यासारखं सांगितलं.

"चौदा हजार सहाशे," ललिता म्हणाली. तिला पदापेक्षा आकडा महत्त्वाचा वाटत होता. मुलगी मोनाली पुण्याला नर्सिंग शिकत होती, तिच्या होस्टेलचे आणि घरातल्या किराण्याचे पैसे आता या आकड्यातूनच निघणार होते.

"मग नीट ऐका," वकील म्हणाले. "हा पगार जुन्या खात्यात गेला, तर बँक तो कर्जात वळता करून घेणार. महिनाभर पोळ्या तुम्ही करणार आणि घरी पैसाही येणार नाही. म्हणून जिचं एक पैशाचं देणं नाही अशा बँकेत साधं खातं काढा. शून्य शिल्लकीचं. चेकबुक नको, क्रेडिट कार्ड तर बिलकूल नको. आणि लपवायचं काही नाही, त्याचा नंबर मला अर्जात लिहायचाय. कँटीनच्या ठेकेदाराला पासबुकाची झेरॉक्स कधी द्यायचीय?"

"पंचवीसच्या आत," ललिता म्हणाली. "न्हाई दिली तर पगार जुन्याच खात्यात टाकणार म्हणालेत."

त्या दिवशी तेरा तारीख होती. बारा दिवसांत एक रिकामं खातं काढायचं, एवढंच काम होतं.

नवनाथनं ठरवलं होतं, की ही गोष्ट गल्लीत कुणालाही कळू द्यायची नाही. म्हणून त्यानं फक्त सर्जेराव आबांना विचारलं. शेजारचे सर्जेराव आबा साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून रिटायर झालेले, सात बँकांची सात पासबुकं रबर लावून उशाखाली ठेवणारे गृहस्थ.

"आबा, सहज विचारतो, खातं काढायला कुठली बँक बरी?"

सहज विचारलेल्या गोष्टीवर आबा दीड तास बोलले. एका बँकेत पेनाला दोरी बांधलेली असते, म्हणजे तिचा गिऱ्हाइकावर विश्वास नाही, ती बाद. दुसरीत पेनच नसतं, ती बाद. तिसरीचा कॅशियर नोटा मोजताना तीनदा थुंकी लावतो. चौथीतलं सगळं चांगलं, पण तिथला मॅनेजर आबांच्या व्याह्याचा मेहुणा निघाला, आणि व्याह्याशी आबांचं बोलणं नव्हतं. "आन् साधं खातं कशाला रं?" आबांनी शेवटी विचारलं. "शून्य शिल्लक म्हंजी रोजगार हमीवाल्यांचं. तू धंदेवाला माणूस. लोकं काय म्हणत्याल?"

भिंतीपलीकडून शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंच्या बँकंनं तिला चाकाची बॅग दिली. फुकट."

"ती बॅग घेऊन कुठं गेली सून?" आबांनी विचारलं.

"जायचंय कुठं? माळ्यावर ठिवलीया."

संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं, की नवनाथला नवीन खातं लागतंय, म्हणजे जुन्यात पैसे मावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्जेराव आबाच वीस हजार उसने मागायला आले. ज्याच्याकडं नवनाथचे नऊ हजार येणं होतं तो एक माजी उपसरपंच रस्त्यात गाडी थांबवून म्हणाला, "आता तुला काय कमी हाय? आपलं राहू दे मग." आणि ज्या कागदवाल्याचं देणं होतं तो थेट घरी येऊन बसला, दोन कप चहा प्याला आणि जाताना अभिनंदन करून गेला.

"खरं काय ते सांगून टाका की एकदा," ललिता म्हणाली.

"आन् माझी अब्रू?"

"म्हंजी दिवाळं माझं, आन् अब्रू तुमची व्हय?"

यावर नवनाथनं चपला पायात सरकवल्या. अशा वेळी तो मोबाइल घेऊन गच्चीवर जायचा. गेले काही महिने तो रोज सकाळी अकराच्या सुमारास असा गच्चीवर जायचा आणि बऱ्याच वेळानं कान लाल करून खाली यायचा. खाली रेंज नसते, असं त्याचं म्हणणं होतं. एरवी फोन बंद असायचा. ललितानं एकदोनदा विचारून सोडून दिलं होतं.

एकोणीस तारखेला तो ललिताला घेऊन शिरूरमधल्या एका नव्या खासगी बँकेत गेला. वकिलांनी सांगितलं होतं साधं खातं, आणि नवनाथचाही विचार तोच होता. पण दार उघडताच गार हवा अंगावर आली, आणि सत्यजीत नावाचा एक टाय लावलेला अधिकारी उठून उभा राहून म्हणाला, "या सर, बसा सर." नवनाथला सर म्हणून कुणी हाक मारून सहा महिने झाले होते. मधल्या काळात त्याला लोकांनी जे म्हटलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"एक साधं खातं," नवनाथ हळू आवाजात म्हणाला.

"सर, ते तुमच्या स्टेटसला शोभणार नाही."

एवढं एकच वाक्य पुरलं. पुढच्या पंधरा मिनिटांत नवनाथ प्लॅटिनम खात्यापर्यंत पोचला होता. त्यात किमान पंचवीस हजार शिल्लक ठेवायची होती, ते बघू म्हणाला. त्यात अपघात विमा होता, लॉकरला सूट होती, एक काळं कार्ड होतं, आणि ते कार्ड दाखवलं की विमानतळावर जेवण फुकट होतं.

"इमानतळ कुठं हाय?" ललितानं विचारलं.

"पुण्याला."

"तिथं जायचं कशाला?"

"जेवायला," नवनाथ म्हणाला. त्या क्षणी त्याला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

चहा आला. सत्यजीतनं ललिताचा पॅन नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला, आणि कॉम्प्युटरनं त्याला तिचा कर्जफेडीचा सगळा इतिहास दाखवला. तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं काळ्या कार्डाचं माहितीपत्रक नवनाथच्या हातातून हलकेच काढून घेतलं आणि म्हणाला, "काका, सध्या आमच्याकडं ही स्कीम बंद आहे."

सरचा काका व्हायला वीस मिनिटं लागली होती. नवनाथ ताडकन उठला. ललिता उठली नाही. तिनं उरलेला चहा बशीत ओतून शांतपणे संपवला, कप बशीवर ठेवला आणि सत्यजीतला म्हणाली, "चहा चांगला होता." बाहेर आल्यावर नवनाथ तिच्यावर चिडला, की आपला अपमान होत असताना तू चहा कसा पितेस. ती म्हणाली, सकाळपासून घेतला नव्हता.

बावीस तारखेला आबांनी भिंतीवरून आठवण करून दिली, की चोवीसला चौथा शनिवार, पंचवीसला रविवार. राहिला एकच दिवस. तेव्हा नवनाथनं निर्णय जाहीर केला, "दौंडला जायचं. तिथं मला काळं कुत्रं वळखत न्हाई."

"दौंड माझं माहेर हाय," ललिता म्हणाली.

"तुला वळखतात गं. मला कुठं वळखतात?"

खातं ललिताचं निघणार होतं, हे या विचारातून तेवढं निसटलं. नवनाथच्या डोक्यात अब्रूचा जो नकाशा होता त्यात एकच माणूस राहत होता. सासरे म्हाळूआप्पांना न भेटता परत यायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं, कारण भेटलं की ते विचारणार, कसं काय येणं केलं.

शुक्रवारी सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाले. न्हावऱ्याच्या पुढं ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागं धूळ खात खात साडेदहाला दौंडच्या बँकेत पोचले. दारातल्या वॉचमननं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ओरडला, "अगं ललिता! म्हाळूआप्पाची ललिता न्हवं का तू?"

पेन्शनच्या रांगेतून सात-आठ डोकी वळली. सखूबाई नावाची एक म्हातारी रांग सोडून आली आणि ललिताच्या गालांवरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. माहेरी ललिताचं घर आणि सखूबाईचं घर भिंतीला भिंत लावून होतं. "आन् हे जावई का?" तिनं विचारलं. "फोटोत उंच दिसत होते." कुणीतरी म्हाळूआप्पांना फोन केला. नवनाथ पैसे भरायच्या स्लिपांच्या स्टँडमागं उभा राहून उगाच एक स्लिप भरायला लागला. रकमेच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना.

खिडकीमागं सायली नावाच्या तरुण अधिकारी होत्या. "बोला," त्या म्हणाल्या.

"असं एक खातं पायजे," नवनाथनं सुरुवात केली, "की ज्यात, म्हंजी आमची पद्धत करंट अकाउंटची हाय, पण सध्या जरा, कसं हाय..."

"शून्य शिल्लकीचं," ललिता म्हणाली. "माझ्या नावावरचं दुसऱ्या बँकेचं कर्ज थकलंय. कोर्टात नादारीचा अर्ज करायचाय. पगार यायला खातं पायजे. मिळंल का?"

तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण पेन्शनची रांग बोलायची थांबलेली असल्यामुळं तो सगळीकडं पोचला. नवनाथच्या कानशिलातून वाफा निघाल्या. सायली मॅडमनी खणातून एक फॉर्म काढला. "मिळेल की. यात एटीएम कार्ड मिळतं, महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात. आधार आणलंय?" असं म्हणून त्यांनी अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. दहा दिवस ज्याच्या भीतीनं नवनाथ गावोगाव पळत होता ते वाक्य बोलून झालं होतं, आणि छत जिथल्या तिथं होतं.

मशीननं ललिताचा अंगठा घेतला नाही. दुसरा घेतला नाही. मग सगळी बोटं झाली. सखूबाईनं सुचवलं, अंगठा केसांवर घास. घासला. वॉचमन म्हणाला, गरम पाण्यात धरा. चहावाल्याकडून गरम पाणी आणलं. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गार्डसाहेबांनी स्वतःचा रुमाल दिला. मशीन हूं की चूं करेना.

"काम काय करता ताई?" सायली मॅडमनी विचारलं. "रेषाच गेल्यात बोटांच्या."

"आता पोळ्यांचं हाय. पण ह्ये आधीचं. दुकानात फ्लेक्सच्या कडा तापवून चिकटवायला लागतात, त्या मीच करायची. आन् भोकं पाडून रिंगा ठोकायची."

नवनाथनं ललिताची बोटं पाहिली. अठरा वर्षं ती दुकानाच्या मागच्या बाजूला फरशीवर बसून हे करत होती, आणि तो लोकांना सांगत होता की बायकोचं फक्त नाव आहे. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली. पण भर बँकेत लाज वाटून घ्यायलाही जागा लागते, आणि तेवढ्यात दारात सायकल लावून म्हाळूआप्पा आत आले.

म्हाळूआप्पा रेल्वेत गेटमन होते. फाटक लावायचं आणि अलीकडं-पलीकडं अडकलेल्या लोकांच्या शिव्या ऐकायच्या, यात त्यांची छत्तीस वर्षं गेली, त्यामुळं ते कुणाला फारसे प्रश्न विचारत नसत. ते जावयाशेजारी येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "बरं हाय ना?"

"बरं हाय," नवनाथ म्हणाला.

"अंगठा राहू द्या," सायली मॅडम म्हणाल्या. "आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. दहा मिनिटं चालतो. नंबर चालू आहे ना?"

आधारला जोडलेला नंबर अर्थातच नवनाथचा होता. ललिताच्या सगळ्या कागदांवर त्याचाच नंबर होता, कर्जाच्यासुद्धा. "फोन काढा की," ललिता म्हणाली. नवनाथ जागचा हलला नाही. "बॅटरी वाचवायला बंद ठिवलाय," तो म्हणाला. मग सगळी बँक आपल्याकडं बघतेय असं दिसल्यावर त्यानं फोन खिशातून काढला आणि चालू केला.

आधी सतरा मिस्ड कॉलचे मेसेज आले. मग ओटीपी आला. तो उघडायला नवनाथनं बोट पुढं केलं आणि फोन वाजायला लागला. त्यानं कट केला. परत वाजला. परत कट केला. तिसऱ्या वेळी घाईत त्याचं बोट चुकीच्या ठिकाणी पडलं आणि स्पीकरवर एक खणखणीत आवाज बँकभर घुमला, "हॅलो! ललिता मॅडम?"

आणि नवनाथनं डोळे मिटले, चिमटीत नाक धरलं आणि नाजूक, बारीक आवाजात उत्तर दिलं, "हां जी, ललिता बोल रही हूँ."

हे त्यानं मुद्दाम केलं नाही. खरं तर त्यानं काहीच केलं नाही, ते होऊन गेलं. बँकेत कॅशियरचं नोटा मोजायचं मशीन तेवढं फडफडत होतं, तेही थांबलं.

"आज ग्यारह बजे फोन बंद क्यों था?" आवाज म्हणाला. "आठ महीने से यही नाटक चल रहा है. लोन लेते टाइम शरम नहीं आयी? औरत होके ऐसा करती हो, मोहल्ले में मुँह कैसे दिखाती हो? और आपका गला अभी तक बैठा हुआ है मॅडम. मैंने बोला था ना डॉक्टर को दिखाओ."

नवनाथनं डोळे उघडले. समोर ललिता होती. ती एकटक त्याच्या नाकावरच्या चिमटीकडं बघत होती. त्यानं चिमटी सोडली. सायली मॅडम काहीतरी खाली पडल्यासारखं करून टेबलाखाली वाकल्या होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

ललितानं त्याच्या हातातून फोन घेतला. "हॅलो. मैं ललिता ओव्हाळ बोलती."

"तो अभी कौन बोल रहा था?"

"वो मेरे मालक थे. आठ महिने से मेरे नाम की गाली वोही खा रहे, मेरे को बताया भी नहीं. अब्बी मेरे से बोलने का. लोन मेरे नाम पे है. मैं कोर्ट में अर्जी कर रही. वकीलसाब का नंबर बताती, लिख लो." तिनं महेंद्र वकिलांचा नंबर एकेक आकडा करून सांगितला. तिला तो पाठ होता. "और एक बात. औरत होके, आदमी होके, ऐसा नहीं बोलने का. पैसा गया है, चोरी नहीं की."

 पलीकडचा आवाज खाली आला. "मॅडम, हमको तो लगता था, आपको थायरॉइड है."

"नहीं. तबियत अच्छी है," ललिता म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

या गडबडीत दहा मिनिटं संपून गेली होती. सायली मॅडमनी डोळे पुसून दुसरा ओटीपी पाठवला. या वेळी फोन काउंटरवर उताणा ठेवला होता आणि सखूबाई, वॉचमन, गार्डसाहेब सगळे त्याच्यावर ओणवे झाले होते. आकडे आले तसे सगळ्यांनी ते एकदम मोठ्यानं वाचले. गुप्त आकडा कुणाला सांगू नका, असं खाली लिहिलेलं असतं, ते वाचायची कुणाला सवड नव्हती.

"आता खात्याला कुठला मोबाइल नंबर लावू?" सायली मॅडमनी विचारलं.

नवनाथचं तोंड सवयीनं उघडलं. "नव्वद अठ्ठावीस..."

"तो नको," ललिता म्हणाली, आणि दिवाळीत मोनालीनं घेऊन दिलेल्या स्वतःच्या फोनचा नंबर सांगितला.

"अगं, मग फोन तुला येत्याल," नवनाथ हळूच म्हणाला.

"येऊ द्या. लई ऐकलंत तुम्ही."

फॉर्मवर तिनं सही केली. पासबुक तासाभरानं मिळालं, त्यावर तिचा फोटो होता आणि शिल्लक शून्य होती. ती पासबुक उलटसुलट करून बघत होती, तेव्हा म्हाळूआप्पा बाकावरून उठले आणि नवनाथला म्हणाले, "जेवायला चला." नवनाथनं मान खाली घालून मागोमाग पावलं टाकली. दारापाशी आप्पा थांबले. "मी छत्तीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले, "पण त्याचा मला पगार व्हता." आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. लग्नापासून आजवर त्यांनी असा हात ठेवलेला नव्हता.

परतीच्या वाटेवर ललितानं विचारलं, "सुरू कसं झालं ह्ये?"

"पहिल्या दिवशी तो वसुलीवाला म्हणाला, कर्ज बाईच्या नावावर हाय, बाईशीच बोलणार. न्हाईतर घरी माणसं पाठवतो. तू अंगणात कुरडया वाळत घालत व्हतीस. मग मी गच्चीवर गेलो आन्..." त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर मागं टाकला. "कर्ज मी केलं. त्यांनी तुला बोललेलं मला ऐकवलं नसतं."

 दौंडला जाताना ललितानं गाडीच्या मागच्या कडीला धरलं होतं. आता तिनं तो हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि शिरूरच्या वेशीपर्यंत तो तिथंच राहिला. रस्त्यात ओळखीचे दोघंतिघं दिसले, तरी काढला नाही. नवनाथला रडू येत होतं आणि उसाच्या ट्रॅक्टरची धूळ ही मोठी सोय होती.

अर्ज दाखल झाला. नंबर लागला. कोर्टाचं कोर्टाच्या चालीनं चालू होतं, पण घरातलं सगळं लक्ष पगाराच्या सात तारखेकडं लागलं होतं. वकिलांनी समजावून सांगितलं होतं, सायली मॅडमनी सांगितलं होतं, तरी नवनाथचा आता कुठल्याच बँकेवर विश्वास उरला नव्हता. पगार पुरा येईल का, की मधेच कुणी कापून घेईल, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना.

सात तारखेला तो एका दुसऱ्याच्या फ्लेक्स दुकानात रोजंदारीवर डिझाइन करत होता. दिवसभर त्यानं स्वतःचा फोन किमान शंभर वेळा बघितला. फोन कुणाचाच आला नाही, मेसेज आला नाही, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की येणारच नाही. तो आता ललिताकडं जाणार. ललिता रांजणगावात, आणि तिथं कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो. एका माजी सभापतींच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यानं त्या दिवशी चुकून भावपूर्ण श्रद्धांजली टाकली, आणि मालकानं ते छापायच्या आधी बघितलं म्हणून नोकरी वाचली.

ललिता सातला घरी आली. तिनं पाय धुतले, तोंड धुतलं, गॅस पेटवला.  पगार तिचा, खातं तिचं, आपण कोण विचारणार, असं नवनाथनं मनाशी ठरवलं होतं, आणि ते ठरवून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तीन वेळा येऊन गेला होता. चौथ्या वेळी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं आणि ताटाशेजारी ललिताचा फोन होता.

"अक्षर लई बारीक हाय," ती तव्याकडं बघत म्हणाली. "वाचा बरं मोठ्यानं."

नवनाथनं फोन उचलला. "प्रिय ग्राहक ललिता नवनाथ ओव्हाळ," त्यानं वाचलं, "आपल्या खात्यात रुपये चौदा हजार सहाशे जमा झाले आहेत. एकूण शिल्लक, रुपये चौदा हजार सहाशे."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. एक रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा तो तिच्या नावापर्यंत आला आणि पुढचे आकडे त्याला दिसेनात. ललितानं गॅस बारीक केला, त्याच्या हातातून फोन घेऊन फळीवर ठेवला आणि म्हणाली, "बसा आता. पोळी गार व्हतीया."